शेवटच्या अंकातला खुलासा

काका : ...मग चूक कुठे आहे ते दाखव. नुसतं नाक मुरडू नकोस.

पुतणी : चूक नाही हो काका. पण शाई फार झालीय. पहिल्याच परिच्छेदात शाईचा वास, शाईची बोटं, शाईचं नातं. वाचणाऱ्याला रुमाल लागेल, आणि तो डोळ्यांना नाही, हात पुसायला.

काका : हस, हस. परवापासून तुझ्या साइटला मोकळं रान आहे. पेपराचा शेवटचा छापील अंक आहे हा, आणि पहिल्या पानावर मला माझ्या नावानिशी जागा मिळालीय. तीही मालकांच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, हातापाया पडून. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या तासल्या, आता एक दिवस मला पाल्हाळ लावू दे.

पुतणी : लावा की. फक्त लवकर लावा. छापखान्यातून दोनदा फोन येऊन गेला, पानं कधी पाठवताय म्हणून. आणि त्या खुर्चीत बसू नका, तिचा पाय निघालाय.

काका : निघणारच. तिलाही कळलंय.

पुतणी : काका, दारात कोणीतरी उभं आहे.

काका : भंगारवाला असणार. अहो, टेबलं उद्या न्यायची आहेत. आज हात लावू नका, आज आम्ही जिवंत आहोत.

केमिस्ट : मी भंगारवाला नाही. माझं औषधांचं दुकान आहे. जुन्या पुलाजवळ.

पुतणी : अरे देवा.

काका : काय झालं?

केमिस्ट : या मला ओळखतात. म्हणजे आवाजानं. काल सकाळी फोनवर बोललो आम्ही.

पुतणी : मी काल सांगितलं ना तुम्हाला? फोटो काढून टाकलाय. तुमचा फोन आला आणि मी लगेच काढला. आता साइटवर काहीही नाही. बघा, हा घ्या माझा फोन, तुम्हीच उघडून बघा.

केमिस्ट : तुमच्या फोनमध्ये नसेल. माझ्या गल्लीत सगळ्यांच्या फोनमध्ये आहे.

काका : थांबा, थांबा. कसला फोटो? मला कोणी काही सांगेल का, का मी आत्ताच निवृत्त झालोय?

पुतणी : एक बातमी होती काका. मुदत संपलेल्या गोळ्या नव्या वेष्टनात घालून विकणारं दुकान पकडलं, ती. आपल्याकडे त्या दुकानाचा फोटो नव्हता. म्हणून जुन्या साठ्यात 'औषध दुकान' असं शोधलं आणि जो आला तो लावला.

काका : आणि तो यांच्या दुकानाचा निघाला.

केमिस्ट : पाटीसकट. पाटीवरचं नाव स्पष्ट वाचता येतं. फोटो चांगला काढलाय, त्याबद्दल तक्रार नाही.

काका : जुन्या पुलाजवळ... म्हणजे पुराच्या वेळचं दुकान? गुडघाभर पाण्यात शटर वर करून, स्टुलावर उभं राहून औषधं देणारे?

केमिस्ट : ते माझे वडील. मी मागे कंदील धरून उभा होतो.

काका : अहो, ती बातमी मी लिहिली होती! तो फोटो मी निवडला होता! अगं, काय केलंस हे? त्या माणसाला आपण अख्ख्या गावासमोर शाबासकी दिली होती.

पुतणी : मला कसं कळणार? फोटोवर काही लिहिलेलं नव्हतं.

काका : मागे लिहिलेलं असतं! प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, कोण, कुठे, कधी, कशासाठी. माझ्या हातचं!

पुतणी : स्कॅन पुढच्याच बाजूचं केलंय.

काका : कपाळ माझं.

पुतणी : आता माझ्यावर ओरडू नका. स्कॅनिंग चालू होतं तेव्हा मी तीनतीनदा सांगितलं होतं, येऊन बसा, नीट लावून द्या. तर तुम्ही रुसून वरच्या खोलीत जाऊन बसलात. 'तुमच्या यंत्राला माझी काय गरज' म्हणे.

केमिस्ट : तुमचं घरचं भांडण नंतर होऊ द्या. मला बसायला मिळेल का?

पुतणी : त्या खुर्चीत नको! या, इकडे बसा. पाणी देऊ?

केमिस्ट : नको. मी सरळच सांगतो. तो तुमचा जुना पेपर वडिलांनी चौकटीत घालून दुकानात लावला होता. गल्ल्याच्या बरोबर मागे. वडील गेले, तरी मी रोज तो पुसतो. काल दुपारी एक गिऱ्हाईक आलं, फोनमधला फोटो बघितला, भिंतीवरचा बघितला आणि म्हणालं, 'हेच की ते.' मग दुसरं आलं. संध्याकाळपर्यंत लोक औषधं घ्यायला नाही, ताडून बघायला येत होते.

काका : अरेरे.

केमिस्ट : शेवटी ती चौकट मीच उतरवली. बायको म्हणाली, उतरवलीत म्हणजे कबूल केल्यासारखं झालं. तेही खरंच.

पुतणी : मी साइटवर खुलासा टाकते. आत्ता. तुमच्यासमोर टाईप करते.

केमिस्ट : टाका. पण मी आलोय ते पेपरात छापून मागायला.

पुतणी : पेपरात? अहो, पेपरात तुमच्याबद्दल काही आलेलंच नाही. चूक साइटची आहे. पेपरानं काय केलंय?

काका : हे मात्र खरं आहे. छापील अंकात ती बातमी बिनफोटोची गेलीय. मी स्वतः पान पाहिलंय.

पुतणी : आणि उद्याचा अंक शेवटचा आहे. लोक जपून ठेवणार आहेत तो. त्याच्यावर माझ्या चुकीचा डाग कशाला? मला जे काय म्हणायचं ते म्हणा, पण कागदाला नका ओढू यात.

केमिस्ट : ताई, वर नाव कुणाचं होतं?

पुतणी : कशाच्या वर?

केमिस्ट : त्या बातमीच्या. फोनमध्ये. पेपराचंच ना? तेच अक्षर, तीच निशाणी. लोक साइट म्हणत नाहीत हो. लोक म्हणतात, 'पेपरात आलंय.'

काका : हं.

केमिस्ट : दुकानाचं मी बघून घेईन. चार महिने वाईट जातील, मग लोक विसरतील. पण माझ्या एक गिऱ्हाईक आहेत, त्यांच्यासाठी मी इथवर आलोय. टेलरबाई. एकट्या राहतात, कपडे शिवतात. त्यांना आकडीचा त्रास आहे. कित्येक वर्षं गोळ्या माझ्याकडूनच घेतात, आणि गोळ्या चालू आहेत तोवर त्रास नाही. काल त्यांनी गोळ्या बंद केल्या.

पुतणी : बंद केल्या म्हणजे?

केमिस्ट : शेजारणीनं फोटो दाखवला. बनावट गोळ्या पोटात जातायत म्हणून घाबरल्या. काल रात्रीची घेतली नाही, आज सकाळची नाही. ते औषध असं एकदम सोडायचं नसतं. सोडलं की आकडी उसळून येते. आणि त्या दिवसभर मशीनवर बसलेल्या असतात, हातात कात्री.

काका : मग त्यांना समजावून सांगा ना! डॉक्टरांना सांगा!

केमिस्ट : डॉक्टर परगावी आहेत, फोनवर बोलले बाईंशी. बाई म्हणाल्या, औषध बरोबर असेल हो, पण दुकानदारानं पुडीत काय घातलंय ते तुम्हाला तिकडून कसं दिसणार? दुसऱ्या दुकानातून घ्या म्हटलं, मी पैसे देतो म्हटलं. तर म्हणतात, आता कुणाचाच भरवसा नाही. माझ्यासाठी दार चार बोटं उघडलं आणि लावून घेतलं. आतून एवढंच म्हणाल्या, 'तुम्ही तर नाही म्हणणारच. पेपरात आलंय ते खोटं असतं का?'

काका : आपला पेपर वाचतात त्या?

केमिस्ट : पेपर येतो त्यांच्याकडे. आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, मग त्याच्यावरच झंपराचे नमुने आखून कापतात. त्यांना फोनमधला खुलासा दाखवून उपयोग नाही. फोनमध्येच तर सगळं झालं. त्यांना पेपरच लागेल.

पुतणी : मला हे काल का नाही सांगितलंत?

केमिस्ट : काल सकाळी तुम्ही फोन ठेवलात तेव्हा हे झालं नव्हतं. नंतर तुमच्या साइटवर ती चौकोनी जागा आहे ना, 'आम्हाला लिहा', तिथे लिहिलं. लगेच उत्तर आलं, 'आपला संदेश मिळाला, आम्ही आपले आभारी आहोत.' मला वाटलं, कोणीतरी वाचतंय. परत लिहिलं. परत तेच आभार.

पुतणी : ते आपोआप जातं.

केमिस्ट : ते आज कळलं. मग पेपराचं शेवटचं पान उलटलं. तळाला बारीक अक्षरात असतो ना पत्ता, मुद्रक, प्रकाशक, अमुक मजला, तमुक रस्ता? तो वाचत आलो.

काका : ती ओळ आजवर कोणी वाचली असेल असं मला वाटलं नव्हतं.

पुतणी : काका, पहिल्या पानावर जागा करा.

काका : जागा? पहिल्या पानावर? वर पेपर सुरू करणाऱ्या तुझ्या आजोबांचा फोटो आहे, तो हलवला तर तुझे बाबा मला हलवतील. मध्ये त्यांचं निवेदन. खाली जाहिरात, तिचे पैसे येऊन बसलेत. आणि उरलेल्यात...

पुतणी : उरलेल्यात तुम्ही.

काका : तिसऱ्या पानावर देऊ या की. ठळक देऊ. काळी चौकट करू.

केमिस्ट : तिसरं पान बाई आधी वाचतात का पहिलं, ते मला नाही सांगता येणार. पण एखाद्या दिवशी न वाचताच नमुना आखायला घेतला तर तिसरं पान आतल्या बाजूला जातं.

काका : अहो, पंधरा दिवस घासतोय मी तो लेख! जेवताना घासतोय! बायको म्हणते, आमच्या लग्नाच्या वेळी एवढा विचार केला नव्हतात.

पुतणी : अर्धा ठेवा मग. शाईचा परिच्छेद काढा, फोटो तिथे बसेल.

काका : शाईचाच तर चांगला आहे. नाही, अर्धामुर्धा नको. मुंडकं कापून धड मिरवायला लावू नकोस मला.

पुतणी : काका, वेळ जातोय. एक तर हो म्हणा, नाही तर नाही म्हणा, पण माझ्याकडे असं बघू नका. मी केलंय ना हे? मीच केलंय. क्लिक पडत होते, आकडा चढत होता, मी बघत बसले होते. यांचा फोन आला तेव्हासुद्धा माझं लक्ष आकड्याकडे होतं. मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण आज सगळे तुमच्या पेपरासाठी रडतायत आणि साइट म्हणजे मी, कसायाच्या जागी उभी आहे.

काका : अगं...

पुतणी : थांबा, बाबांचा फोन. हां बाबा. हो, पानं होतायत. नाही, आजोबांचा फोटो आहे तिथेच आहे. बाबा, एक खुलासा जातोय पहिल्या पानावर. माझ्या चुकीचा. ...हो, शेवटच्याच अंकात. ...शोभत नाही ते मलाही कळतंय. बाबा, ऐका ना. परवा कुठे छापू? परवा अंकच नाही. ...नाही, तुम्ही येऊन बघू नका. तुम्ही याल तोवर पानं गेलेली असतील. ...हो, आजोबा असते तर काय म्हणाले असते ते त्यांच्या फोटोला विचारते. ठेवते.

काका : ठेवलास? दादाचा फोन तू ठेवलास?

पुतणी : ठेवला. चिडवू नका, मूळ फोटो कुठे आहे?

काका : त्या कपाटात वरून दुसरा खोका. पुराचा. अहो, तुम्हीच काढा, तुमची उंची आहे. काढलात? द्या इकडे. हा. हा बघा. हे तुमचे वडील आणि हा मागचा कंदील म्हणजे तुम्ही. आता उलटा करा. वाचा.

केमिस्ट : 'पुराच्या आठवड्यात एकही दिवस बंद न राहिलेलं औषधांचं दुकान. फोटो मोठा वापरणे.'

काका : 'मोठा वापरणे' ही सूचना आहे. ती आजही लागू. घे गं, हा पुढून आणि मागून दोन्हीकडून घे. मागची ओळ तशीच माझ्या अक्षरात छापायची, फोटोच्या खाली. आणि माझा लेख काढ.

पुतणी : सगळा?

काका : सगळा. तुझ्या साइटवर टाक हवा तर, तिथे जागेची ददात नाही. आता मजकूर सांग. लवकर.

पुतणी : 'आमच्या संकेतस्थळावरील एका बातमीसोबत तांत्रिक कारणाने हे छायाचित्र...'

केमिस्ट : तांत्रिक कारण कोण?

पुतणी : बरोबर आहे. खोडते. 'आमच्या संकेतस्थळावर बनावट औषधांच्या बातमीसोबत हा फोटो मी लावला. तो चुकीचा होता. या दुकानाचा त्या प्रकाराशी काहीही संबंध नाही. इथली औषधं घेणाऱ्यांनी ती थांबवू नयेत.' खाली माझं नाव.

काका : 'त्याबद्दल दिलगीर आहोत' घाल.

पुतणी : 'आहे' घालते. आहोत कशाला? तुम्ही कुठे होतात?

काका : वरच्या खोलीत रुसून बसलो होतो, आत्ताच म्हणालीस. 'आहोत'च घाल. आणि दुकानाचं नाव यांना एकेक अक्षर वाचून दाखव. नीट बघा हं. आजवर चुकलो तर दुसऱ्या दिवशी सुधारत होतो. याला दुसरा दिवस नाही.

केमिस्ट : बरोबर आहे. नाव बरोबर आहे. रस्ताही बरोबर.

पुतणी : पण अंक घरात पडणार उद्या सकाळी. आज रात्रीच्या गोळीचं काय?

केमिस्ट : तीच तर काळजी आहे.

पुतणी : काका, या पानाचं प्रूफ काढा. पूर्ण पान, मोठ्या कागदावर, अंकासारखं. मी घेऊन जाते.

काका : तू? पानं पाठवायची आहेत, साइट कोण बघणार?

पुतणी : साइट तासभर कोणी नाही बघितली तर काही बिघडत नाही. अहो, तुमची गाडी आहे का खाली? माझी चावी या पसाऱ्यात सापडणार नाही.

काका : आणि पानं?

पुतणी : तुम्ही पाठवा. बटण हिरवं आहे. एकदाच दाबा.

(टेलरबाईंच्या घराचं दार. आत शिलाईचं मशीन चालू आहे, मग थांबतं.)

टेलरबाई : कोण आहे? तुम्ही परत आलात? मी सांगितलं ना...

केमिस्ट : मी मागे उभा राहतो बाई. मी काही बोलत नाही. यांचं ऐका.

टेलरबाई : तुम्ही कोण?

पुतणी : पेपरातली. तुम्हाला ज्या फोटोमुळे भीती वाटली ना, तो फोटो मी लावला. चुकीचा लावला. हे उद्याचं पान आहे, पहिलं. बघा, धरा. काळजीपूर्वक हं, शाई ओली आहे.

टेलरबाई : दिवा लावते. थांबा, चष्मा. ...हे तर यांचे वडील. पुरातला फोटो. हा मी बघितलाय, दुकानात लावलेला असतो. ...'मी लावला.' हे तुमचं नाव?

पुतणी : हो.

टेलरबाई : असं लिहायला कुणी लावलं तुम्हाला? यांनी?

पुतणी : यांनी फक्त विचारलं, कुणी लावला म्हणून. मला उत्तर द्यावं लागलं.

टेलरबाई : आणि हे उद्या सगळ्यांकडे जाणार? माझ्या एकटीसाठी छापलेलं नाही ना?

पुतणी : सगळ्यांकडे. शेजारणीकडेसुद्धा. तोवर थांबू नका हो बाई. तुमच्या पाया पडते. आजची गोळी घ्या.

टेलरबाई : पाया नका पडू. सकाळपासून हात जड झालेत माझे, डोळ्यांपुढे मधूनच चमकतं. मला कळत होतं, पण घ्यायचा धीर होईना. ...फेकल्या नाहीत मी त्या, मशीनच्या खणात आहेत. अहो, मागे काय उभे राहिलात चोरासारखे? आत या. तो तांब्या द्या इकडे.

केमिस्ट : एकच घ्या बाई. राहिलेल्या भरून काढायच्या नाहीत. ती कात्री आज बाजूला ठेवा, आणि शेजारणीला रात्री इथे झोपायला बोलवा. मी डॉक्टरांना आत्ताच फोन लावतो.

टेलरबाई : घेतली. झालं. आता तुम्ही दोघंही श्वास घ्या, माझ्याकडे असे टक लावून बघू नका. ...हा पेपर बंद होतोय ना हो?

पुतणी : उद्याचा शेवटचा. परवापासून फक्त फोनवर.

टेलरबाई : मग परवा कुणी असंच काही लावलं, तर विचारायला जायचं कुठे? हे म्हणत होते, पत्ता पेपराच्या तळाशी असतो म्हणून सापडला. फोनला तळ कुठे आहे?

पुतणी : नाही. घालायला हवा. घालते मी. कचेरी रिकामी होतेय, पण माझ्या घराचा घालते.

टेलरबाई : ते घालाल तेव्हा घालाल. आधी इथे लिहा. हा खडू आहे, नाहीतर ती पेन्सिल घ्या. कोपऱ्यात लिहा, जरा मोठ्या अक्षरात.

पुतणी : पण हे पान तुम्ही कापणार ना, नमुन्यासाठी?

टेलरबाई : कापणारच की, चांगला मोठा कागद आहे. तेवढा कोपरा सोडून.